खुब्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची उपासना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या काही वर्षांत मंदिर कार्यालयात दोन प्रश्न वारंवार येऊ लागले आहेत. ‘आईचा खुबा मोडला आहे, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, या वयात करावे काय?’ हा पहिला. ‘खुबा बदलला आहे, आता पारायणास बसता येईल काय, साष्टांग नमस्कार घालता येईल काय?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वैद्यांनी द्यावयाचे आहे, दुसऱ्याचे काही अंशी आम्हास देता येते. परंतु दोन्ही प्रश्न एकाच घरातून आणि एकाच काळजीपोटी येतात, म्हणून विश्वस्त मंडळाच्या सूचनेनुसार हा लेख लिहिला आहे. प्रस्तुत लेखक वैद्यक व्यवसायातील नाही. येथे दिलेली माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत त्याच्या डॉक्टरांचाच शब्द अंतिम मानावा, ही विनंती.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक त्या वाटीत फिरते. हा गोळा मांडीच्या हाडाला एका अरुंद मानेने जोडलेला असतो. आपल्या शरीराचा सारा भार चालताना या मानेवरून खाली उतरतो, आणि उतारवयात हाडे ठिसूळ झाली की नेमकी तीच मोडते. मान मोडली तर गोळ्याकडे जाणारा रक्तपुरवठाही बहुधा तुटतो, त्यामुळे ते हाड पुन्हा सांधण्याची शाश्वती राहत नाही. अशा वेळी वृद्ध रुग्णाचा गोळा काढून तेथे धातूचा गोळा बसवितात, त्यास अर्धा खुबा बदलणे म्हणतात. गरज वाटल्यास वाटीही बदलतात, तो पूर्ण खुबा. हाड मानेच्या खाली मोडले असेल तर तेथील रक्तपुरवठा चांगला असतो. मग गोळा तसाच ठेवून आतून सळई किंवा बाहेरून पट्टी व स्क्रू बसवून हाड जोडतात. एकाचे ऐकून दुसऱ्याने ‘त्यांचा तर नुसता रॉड घातला, आमचा खुबा का बदलता?’ असे डॉक्टरांशी वाद घालू नये, कारण मोड कोठे आहे यावर सारे अवलंबून असते.

पडल्यानंतर जांघेत तीव्र वेदना होणे, पाय उचलता न येणे, पाय आखूड दिसणे व पाऊल बाहेरच्या बाजूस वळलेले असणे ही खुबा मोडल्याची ठळक लक्षणे होत. क्वचित मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात आणि रुग्ण दोन-चार पावले चालतोही. म्हणून ‘चालता येते म्हणजे मोडलेले नाही’ हा समज धोक्याचा आहे. पडलेल्या वृद्धास उठवून उभे करू नये, पाय ओढू नये, चोळू नये. दोन्ही पायांत उशी ठेवून, शक्य तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, क्ष-किरण तपासणी होईल अशा रुग्णालयात न्यावे.

आपल्याकडे अजूनही अनेक घरांत हाडवैद्यास बोलावून लेप व बांबूच्या पट्ट्या बांधण्याची रीत आहे. हाताच्या मोडीत तिचा उपयोग झाल्याची उदाहरणे लोक सांगतात, त्या वादात येथे शिरावयाचे नाही. खुबा मात्र मांसाच्या जाड थरांत खोल दडलेला सांधा आहे. बाहेरून बांधलेली पट्टी त्यास धरून ठेवू शकत नाही. आपल्या प्राचीन वैद्यकास याची जाण होती. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले असून, मांडी व कमरेच्या मोडीसाठी रुग्णास फळीवर निजवून खुंट्यांच्या आधाराने जखडून ठेवण्याचा ‘कपाटशयन’ नावाचा उपाय दिला आहे. शस्त्रक्रिया नव्हती त्या काळी याहून अधिक करणे शक्य नव्हते. विसाव्या शतकातही कित्येक वर्षे पायास वजन लटकावून रुग्णास महिनोन् महिने निजवून ठेवीत असत.

आणि संकट त्या निजण्यातच आहे. खुबा मोडलेला वृद्ध सहसा मोडलेल्या हाडाने दगावत नाही. अंथरुणास खिळल्याने पाठीस जखमा होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, लघवीचा संसर्ग होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते. उपचार होऊनही वर्षभरात सुमारे पाचांत एक वृद्ध रुग्ण दगावतो, असे अनेक देशांच्या नोंदी सांगतात. शस्त्रक्रियेवाचून घरी पडून राहिल्यास धोका त्याहून पुष्कळ वाढतो. म्हणून ‘या वयात चिरफाड कशाला’ हा प्रश्न मुळात उलटा आहे. या वयात निजवून ठेवणे परवडत नाही, म्हणूनच शस्त्रक्रिया करावयाची. रुग्णाची प्रकृती सावरलेली असेल तर ती दोन दिवसांच्या आत व्हावी, असे आज जगभरचे वैद्यक मानते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. अमावास्या आहे, ग्रहण आहे, घरात सुतक आहे, अशी कारणे सांगून मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलणारी कुटुंबे आजही भेटतात आणि ‘पंचांग पाहून दिवस सांगा’ म्हणून मंदिरात विचारणा होते. आपत्काळात प्राणरक्षणास प्राधान्य असते हे आपल्या धर्मशास्त्रालाही मान्य आहे. मोडलेल्या खुब्यासाठी मंदिरातून मुहूर्त सांगितला जाणार नाही, याची भाविकांनी कृपया नोंद घ्यावी. झिजलेला खुबा सवडीने बदलावयाचा असेल तर गोष्ट निराळी. तेथे आठ-पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही, मनास समाधान वाटेल तो दिवस डॉक्टरांशी बोलून निवडावा.

सवडीने खुबा बदलण्याची वेळ वृद्धांवरच येते असे नाही. गोळ्याचा रक्तपुरवठा हळूहळू बंद पडून तो आतून मृत होण्याचा एक विकार आहे. तो तिशी-चाळिशीतही होतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणे आणि मद्यपान ही त्याची प्रमुख कारणे. कोविडच्या साथीत स्टेरॉइड दिलेल्या काही रुग्णांत हा विकार आढळल्याचे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केले होते. गुडघेदुखी, दमा, अंगदुखी यांवर ‘एका दिवसात गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्या आठवडी बाजारांतून घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइडच असते. तरुण माणसाच्या जांघेत महिना-दोन महिने दुखत राहिले तर ‘शिरेवर शीर चढली’ म्हणून चोळत न बसता तपासणी करून घ्यावी. लवकर कळल्यास कधी कधी खुबा वाचविता येतो.

आज जो कृत्रिम खुबा बसवितात त्याचे जनक इंग्लंडचे सर जॉन चार्नली. त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली. ती भराभर झिजली आणि रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. पुढे नोव्हेंबर १९६२ मध्ये राइटिंग्टन येथील रुग्णालयात त्यांनी घट्ट प्लास्टिकची वाटी आणि सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा लहान धातूचा गोळा बसविला. हाडात पकडण्यासाठी दातांच्या डॉक्टरांकडील सिमेंटसारखे द्रव्य वापरले. गोळा जितका लहान तितके घर्षण कमी, हा त्यांचा विचार. तेव्हापासून साहित्य सुधारले, सिमेंटवाचून बसणारे खुबे आले, चिनीमातीसारख्या सिरॅमिकचे गोळे आले, परंतु रचना मूलतः तीच आहे. खुबा किती वर्षे टिकतो, असे सारेच विचारतात. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार शंभरांपैकी सुमारे ५८ खुबे २५ वर्षे टिकले होते. सत्तरीत बसविलेला खुबा बहुधा जन्मभर पुरतो. चाळिशीत बसविणाऱ्याने मात्र पुढे कधीतरी दुसरी शस्त्रक्रिया लागेल हे गृहीत धरावे.

शस्त्रक्रिया साधारणतः एक ते दोन तासांची असते. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. अनेकदा पूर्ण भूल द्यावी लागत नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची सर्व औषधे आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असल्यास त्यांची माहिती आधीच द्यावी. काढा, भस्म, चूर्ण चालू असेल तर तेही सांगावे, संकोच करू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णास वॉकरच्या आधारे उभे करतात, हे पाहून नातेवाईक घाबरतात. ‘कालच ऑपरेशन झाले आणि आज चालवता?’ असे म्हणून फिजिओथेरपीच्या कर्मचाऱ्यांशी भांडलेली मंडळी आम्ही पाहिली आहेत. लवकर उभे करणे हाच अर्धा उपचार आहे. टाके सुमारे दोन आठवड्यांनी काढतात. गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शने महिनाभरही चालू असू शकतात. बरे वाटू लागले म्हणून ती बंद करू नयेत. पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी दम लागला, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप आला, अथवा पाय अचानक आखूड होऊन हलविता येईनासा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

घरी आल्यावरची गोष्ट अधिक कठीण असते आणि तिच्याविषयी कोणी फारसे सांगत नाही. प्रस्तुत लेखकाचे थोरले बंधू वयाच्या ७१ व्या वर्षी न्हाणीघरातील ओल्या फरशीवर पडले व डावा खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, तिसऱ्या दिवशी दादा वॉकर धरून दारापर्यंत गेले. दुखणे म्हणावे तर आठ दिवसांत पुष्कळ कमी झाले. भीती मात्र गेली नाही. पाऊल टाकताना घाम फुटे. रात्री शौचास जाण्याची वेळ येऊ नये म्हणून त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडले, त्यातून लघवीचा त्रास सुरू झाला. कमोडची खुर्ची देवघराला लागून असलेल्या खोलीत ठेवावयास ते तयार होईनात. शेवटी अंथरूणच ओसरीवर हलविले आणि खुर्ची मागील पडवीत ठेवली, तेव्हा ते पाणी पिऊ लागले. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न वृद्धांसाठी खरा असतो. त्याची थट्टा करून किंवा दटावून तो सुटत नाही, खोल्यांची मांडणी बदलून सुटतो.

वॉकर साधारण चार ते सहा आठवडे आणि पुढे काठी, असा क्रम असतो. काठी चांगल्या बाजूच्या हातात धरावयाची, हे बहुतेकांस उलटे वाटते, पण तेच बरोबर. पायरी चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. नवीन खुबा निखळू नये म्हणून पहिले सहा ते बारा आठवडे कमरेत काटकोनापेक्षा अधिक वाकू नये, पायावर पाय टाकू नये, पाय आत वळवू नये. निजताना दोन्ही पायांत उशी असावी. बसण्याची जागा इतकी उंच हवी की गुडघे कमरेच्या खाली राहतील. जुने दिवाण व सोफे यासाठी निरुपयोगी, लाकडी हाताची उंच खुर्ची उत्तम. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने केली यावर हे नियम थोडे बदलतात, म्हणून घरी येण्यापूर्वी डॉक्टरांकडून ते लिहून घ्यावेत.

आता उपासनेविषयी. आपली सारी उपासना जमिनीवरची आहे: मांडी घालून बसणे, वाकून पायास हात लावणे, साष्टांग लोटांगण घालणे. नवीन खुब्यास नेमके हेच वर्ज्य. दादांचा श्रीगुरुचरित्राचा सात दिवसांचा सप्ताह बरीच वर्षे चालू होता. खुर्चीवर बसून वाचा म्हटल्यावर ते म्हणाले, ‘‘पोथी खाली आणि मी वर, हे मला जमायचे नाही.’’ त्यांचे म्हणणे योग्यच होते. आपल्या पुरोहितांनी त्यावर मार्ग काढला. उंच मेजावर चौरंग ठेवून त्यावर पोथी मांडली, म्हणजे वाचणाऱ्याच्या मांडीपेक्षा पोथी वर राहिली आणि वाकावेही लागेना. त्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात त्यांचे वाचन तसेच झाले, मात्र दर तासाभराने उठून चार पावले चालण्याची अट डॉक्टरांनी घातली होती. तेव्हापासून पारायण मंडपात अशी तीन आसने कायम मांडली जातात. खुर्चीवरील पारायण ‘कमी प्रतीचे’ असे कोणी सेवेकऱ्याने म्हटल्यास कार्यालयास कळवावे.

काही महिन्यांनंतर मांडी घालता येईल काय, यावर डॉक्टरांत एकमत नाही. खुब्याचा प्रकार, गोळ्याचा आकार आणि रुग्णाची स्नायुशक्ती पाहून काहीजण परवानगी देतात, काही देत नाहीत. शेजारच्या गृहस्थांनी सहा महिन्यांत मांडी घातली म्हणून आपणही घालू नये. साष्टांग नमस्कार मात्र उभ्याने हात जोडूनच करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रदक्षिणेत एक बारीक धोका आहे. कोपऱ्यावर वळताना शस्त्रक्रियेच्या पायावर शरीर गरकन फिरविले जाते. तसे न करता लहान लहान पावले टाकीत वळावे. पालखीच्या गर्दीत पहिले तीन महिने येऊच नये.

श्रीक्षेत्र गाणगापूरला जाणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी. खुबा बरा झाल्यावर ‘महाराजांच्या पायाशी जाऊन येतो’ असा नवस पुष्कळांनी केलेला असतो. रेल्वेने गेल्यास गाणगापूर रोड स्थानकापासून क्षेत्र वीसएक किलोमीटर आत आहे, तो प्रवास उंच पायरीच्या बसऐवजी मोटारीने करावा. मोटारीत बसताना आधी पाठमोरे होऊन आसनावर बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. भीमा-अमरजा संगमाचा काठ निसरडा असतो. तेथे पात्रात उतरण्याऐवजी तांब्याने पाणी अंगावर घ्यावे. दुपारची माधुकरी मागण्यासाठी उन्हात दारोदार फिरण्याचा आग्रह पहिल्या वर्षी नको. बीदरच्या झरणी नृसिंहाचे दर्शन तर गुहेतील खोल पाण्यातून चालत जाऊन घ्यावयाचे असते. तेथे पाय घसरला तर धरावयास काही नाही, म्हणून नवीन खुबा असलेल्यांनी ते टाळावे हेच उचित.

कोठे जावे आणि खर्च किती, हा शेवटचा पण घरात सर्वप्रथम निघणारा विषय. बीदरची शासकीय वैद्यकीय संस्था (ब्रिम्स), कलबुर्गीची शासकीय संस्था (जिम्स) आणि कलबुर्गीचे बसवेश्वर रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये असून तेथे अस्थिरोग विभाग आहेत. सीमाभागातील मंडळी सोलापूर, लातूर, हैदराबाद येथेही जातात. मोडलेल्या खुब्यासाठी दूरच्या मोठ्या नावामागे धावून दोन दिवस घालविण्यापेक्षा जवळचे सोयीचे रुग्णालय बरे. शिधापत्रिका व आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रांना प्रथम भेटावे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. आपत्कालीन प्रसंग वगळता खाजगी रुग्णालयासाठी शासकीय रुग्णालयाची शिफारस लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. त्यावरून झालेल्या राजकारणात ट्रस्टला पडावयाचे नाही. आपले गाव त्या यादीत असल्यास महाराष्ट्रातील रुग्णालयात कोणती कागदपत्रे चालतील हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. २०१७ साली केंद्र शासनाने किमतीची जी कमाल मर्यादा घातली ती गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांसाठी होती. खुब्याची किंमत, कंपनी व प्रकार आधीच लेखी मागावा.

आणि खोक्यावरील चिकटपट्टी जपून ठेवावी. हे आग्रहाने लिहिण्याचे कारण असे की, जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीने आपला ‘एएसआर’ नावाचा धातूवर धातू घासणारा खुबा २०१० साली जगभरातून परत मागविला. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसविले गेले होते. घर्षणाने सुटणारे धातूचे कण रक्तात उतरत होते. पुढे केंद्र शासनाच्या समितीने चौकशी केली आणि २०१८ साली नुकसानभरपाईचे सूत्र ठरले, परंतु अनेक रुग्णांचा पत्ताच लागेना, कारण कोणास कोणता खुबा बसविला याची नोंद हाती नव्हती. तेव्हा खुब्याच्या वेष्टनावरील अनुक्रमांकाची पट्टी डिस्चार्ज कार्डावर लावून घ्यावी व त्याची झेरॉक्स घरात ठेवावी.

‘अंगात धातू असताना अभिषेकास बसता येते काय?’ असेही विचारले जाते. दातात सोने भरलेला मनुष्य बसतोच. येथेही काही बाध नाही. दहनानंतर अस्थिसंचयनात धातूचा गोळा सापडतो, तो अस्थींसोबत संगमात सोडू नये, वेगळा काढून ठेवावा, एवढेच सांगणे.

मंदिराच्या दक्षिण दाराशी उतरंड बांधून कठडा बसविण्याचे काम विश्वस्त मंडळाने मंजूर केले असून ते पूर्ण होईपर्यंत वॉकर अथवा काठी घेऊन येणाऱ्या भाविकांनी त्याच दाराने यावे, सेवेकरी हात देतील. देणगीदारांकडून आलेले वॉकर, कमोडच्या खुर्च्या व उंच खुर्च्या कार्यालयात नोंद करून तीन महिन्यांसाठी विनामूल्य मिळतात. काम झाल्यावर स्वच्छ धुऊन परत आणून द्याव्यात. सध्या मागणी अधिक असल्याने ज्यांच्या घरी वस्तू पडून आहेत त्यांनी त्या येत्या गुरुवारच्या आरतीपूर्वी जमा कराव्यात, ही विनंती.

आपला,
सचिव, विश्वस्त मंडळ